जंजिरे अर्नाळ्याचा एक त्रुटित कागद

गुढीपाडव्याच्या दिवशीं गुढीखालच्या पाटावर एक पितळी नळी ठेवून तिला हळदकुंकू वाहण्याची चाल आमच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. नळींत एक मोडी कागद आहे. आमच्या मूळपुरुषानें श्रीमंत थोरल्या बाजीरावसाहेबांच्या कारकीर्दींत अर्नाळ्याच्या बेटावर पहिल्या होडींतून उडी घेतली, फिरंग्यांचा मोड झाला, आणि त्या पराक्रमाबद्दल त्यास आरमारावर नेमणूक मिळाली, तिचा हा परवाना, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. आजीच्या तोंडीं ही हकीकत असे तेव्हां बेटाभोंवतालचें पाणी रक्तानें लाल होई. चुलते ती सांगत तेव्हां पाणी तितकें लाल नसे, पण उडी मात्र तीच असे.

शाळेची चाकरी संपल्यावर मोडी कागद वाचण्याचा जुना नाद आम्हीं पुन्हां धरला. दुसऱ्यांच्या घरचीं दफ्तरें धुंडाळावयाचीं आणि आपल्या घरची नळी तेवढी पूजेपुरती उघडावयाची, हें आमचें आम्हांसच अनुचित वाटूं लागलें. कागद वडील शाखेकडे असतो. आमचे थोरले चुलतबंधु, ज्यांस आम्ही सर्व अण्णा म्हणतों, त्यांनीं तो आमच्या हातीं देतांना दोन अटी घातल्या. कागद घराबाहेर न्यावयाचा नाहीं, आणि कांहीं छापावयाचें झाल्यास घराण्याचें व पुरुषाचें नांव छापावयाचें नाहीं. दुसऱ्या अटीचें कारण त्यांनीं त्या वेळीं सांगितलें नाहीं. पुढें तें आमच्या ध्यानांत आलें. वाचकांनीं या लेखांतील नामाभावाबद्दल आम्हांस क्षमा करावी. पुढील विवेचनांत नांवाची गरज फारशी पडत नाहीं, उलट नांवानेंच आमच्या वडिलांची फसगत केली, हें दिसून येईल.

कागद एका बंदाचा, हातकागदाचा, वीतभर रुंद. माथा फाटलेला, त्यामुळें पत्र कोणीं पाठविलें तें गेलें, मुद्राही नाहीं. मायन्यांतील ज्यास लिहिलें त्याचें नांव स्पष्ट आहे, परंतु बापाचें नांव किंवा उपनांव दिलेलें नाहीं. त्यापुढें सुहूर सन आहे. त्यांतील 'सबा' हा शब्द अखंड, पुढच्या शब्दाचा केवळ आद्य 'स' शिल्लक, नंतर कसरीनें पाडलेलें भोंक, आणि भोंकापलीकडे 'मया व अलफ'. मजकूर सात ओळींचा. त्यांतील दोन ओळी पाण्यानें पुसट झाल्या आहेत. तळाशीं 'छ २० जमादिलाखर' एवढें निर्विवाद वाचतां येतें. पाठीवर आमच्या पणजोबांच्या बाळबोध अक्षरांत पेनसिलीनें लिहिलें आहे : सबा सलासीन, अर्नाळा, परवाना.

आमच्या घरची सारी आख्यायिका या तीन शब्दांवर उभी होती. पणजोबांस मोडी येत होतें, यांत शंका नाहीं. परंतु त्यांनीं मायना वाचला, सन वाचला, 'जंजिरे अर्नाळा' हीं अक्षरें वाचलीं, मजकुरांतील एक शब्द वाचला, आणि कागद गुंडाळला. तळापर्यंत ते गेले नसावे. सुहूर सन ११३७ म्हणजे इ. स. १७३६ च्या मृगापासून १७३७ च्या मृगापर्यंतचें वर्ष. चिमाजीअप्पांची वसईची मोहीम सुरू झाली ती याच वर्षांत, आणि मार्च १७३७ च्या अखेरीस अर्नाळा मराठ्यांनीं घेतला तोही याच वर्षांत. तेव्हां पोकळ जागीं 'सलासीन' भरण्याचा मोह कोणासही आवरला नसता. आम्हांसही तो प्रथम आवरला नाहीं.

या त्रैमासिकाच्या वाचकांस सुहूर गणना समजावून सांगणें म्हणजे सूर्यास पणती दाखविणें होय. तथापि आमच्यासारख्याच एखाद्या घरच्या नळीवाल्यासाठीं चार शब्द लिहितों. या सनाचे शब्द अरबी, आणि एकं आधीं, दहं मागाहून. 'स' या अक्षरानें आरंभ होणारे दहंचे शब्द चार आहेत : सलासीन म्हणजे तीस, सितैन म्हणजे साठ, सबैन म्हणजे सत्तर, समानीन म्हणजे ऐशीं. म्हणजे आमच्या भोंकांत चार सन बसतात : ११३७, ११६७, ११७७ आणि ११८७. इसवी सनांत सांगावयाचें तर अनुक्रमें १७३६-३७, १७६६-६७, १७७६-७७ व १७८६-८७. पणजोबांनीं यांपैकीं पहिलाच धरला, कारण त्यांस तोच हवा होता.

कागदाचा निकाल कागदांतच लागेल असें त्या वेळीं आम्हांस वाटलें नाहीं, म्हणून आम्ही बाहेर शोधूं लागलों. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून पुढें संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड, गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशा, आणि वसईच्या मोहिमेवरील जें जें छापील साहित्य हातीं आलें तें सर्व चाळलें. आमच्या पुरुषाचें नांव ब्राह्मण घरांत सर्रास आढळणारें आहे. तें प्रत्येक सूचींत भेटलें. पहिल्या वेळीं आमच्या हातास कंप सुटला. दहाव्या वेळीं कंटाळा आला. एक त्याच नांवाचा घाटावरचा सावकार निघाला, एक भिक्षुक, एक दूत. नांव सांपडणें म्हणजे मनुष्य सांपडणें नव्हे, हें विद्यार्थ्यांस शिकविणें सोपें असतें; स्वतःच्या मूळपुरुषाच्या बाबतींत तें पाळणें तितकें सोपें नसतें. त्या दूताविषयीं आम्हीं चार पानें टांचणें केलीं होतीं, हें येथें प्रांजलपणें कबूल करतों.

पुण्याच्या पुराभिलेखागारांत सुमारें पस्तीस हजार मोडी रुमाल आहेत. तेथें आम्ही तीन पावसाळे घालविले. ज्यास आपल्या पूर्वजाचा माग काढावयाचा आहे त्यास एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. ज्या घराण्यास इनाम होतें, त्याचे कागद सांपडण्याचा संभव फार. कारण इंग्रजी अमलांत इनामाच्या चौकशा झाल्या, १८५२ सालीं त्याबद्दल कायदा झाला, आणि इनामदारांनीं आपापल्या सनदांच्या नकला व कैफियती सरकारांत दाखल केल्या. वंशावळी, वांटण्या, भाऊबंदांचे तंटे, सर्व त्यांत येतें. आमच्या घराण्यास एक बिघाभरही इनाम नव्हतें. रोख वेतनावर चाकरी करणारा मनुष्य चाकरी सुटली कीं दफ्तरांतून नाहींसा होतो. ज्यानें उडी घातली व परवाना मिळविला, त्यास इनाम कसें मिळालें नाहीं, हा प्रश्न तेव्हां प्रथम आमच्या मनांत आला. आम्हीं तो अण्णांस विचारला. ते म्हणाले, ''निःस्पृह होते.''

मुंबईच्या दफ्तरांतील इंग्रजांच्या रोजनिशा आणि गोव्याच्या पुराभिलेखागारांतील पोर्तुगीज कागद यांजकडून आमच्या कामापुरतें फारसें मिळण्यासारखें नव्हतें. शत्रु लिहितो तो किल्लेदाराचें नांव, तरांड्यांची संख्या व तोफांचा आकार. त्यांच्यामागें कोण उभा होता हें त्यास दिसत नाहीं. पोर्तुगीज लोक अर्नाळ्यास 'गाईंचें बेट' म्हणत, हें मात्र सांगण्यासारखें आहे.

अखेर जें पणजोबांनीं केलें नाहीं तें आम्हीं केलें. कागदाच्या तळाकडे पाहिलें. छ २० जमादिलाखर. हिजरी महिने चांद्र, आणि त्यांस अधिकमास नाहीं, म्हणून ते दरवर्षीं दहाअकरा दिवस मागें सरकतात. एकच जमादिलाखर निरनिराळ्या सनांत निरनिराळ्या ऋतूंत पडतो. मोडकांची जंत्री घेऊन चारही सनांचा हिशेब मांडला. चंद्रदर्शनामुळें एखाद्या दिवसाचा फरक पडेल तो सोडून देऊं. सन ११३७ धरल्यास ही तारीख ऑक्टोबर १७३६ च्या चवथ्या आठवड्यांत, आश्विन वद्य पक्षांत, दिवाळीच्या तोंडावर पडते. ११६७ धरल्यास नोव्हेंबर १७६६, कार्तिक वद्य. ११७७ धरल्यास ऑगस्ट १७७६ चा पहिला आठवडा, श्रावण वद्य. ११८७ धरल्यास एप्रिल १७८७, चैत्र वद्य.

पहिला सन तत्क्षणींच बाद झाला. ऑक्टोबर १७३६ मध्यें अर्नाळा फिरंग्यांकडे होता. मोहीमच सुरू व्हावयाची होती. जो जंजिरा आपला नाहीं, तेथील कामगारास आपलें सरकार हुकूम कसा लिहील? वर्ष तेंच, पण महिना पांच महिन्यांनीं अलीकडचा. ज्या सनानें आमच्या पणजोबांस मूळपुरुष मिळवून दिला, त्या सनाच्या महिन्यानें तो परत नेला. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. कोणी म्हणेल, अडीचशें वर्षांपूर्वींच्या गोष्टीसाठीं झोंप कां घालवावी? पण ज्या कागदापुढें आईनें दरवर्षीं हात जोडविले, त्याजविषयीं असें लिहितांना आजही आम्हांस संकोच वाटतो.

उरलेल्या तीन सनांचा निवाडा मजकुरावरून व्हावयाचा होता, आणि मजकूर आम्हांस पुरता लागत नव्हता. काथ्या, राळ, तेल हे शब्द लागले. 'पर्जन्यकाळ सरत आला' एवढें वाक्य लागलें. हिशेब वसईस रुजू करावा, अशी शेवटची ताकीद लागली. परंतु मधला जो शब्द पणजोबांनीं 'परवाना' असा वाचला होता, तो आमच्या वाचनांत 'परवाण' असा येत होता, आणि त्याच्या अलीकडे एक डोलणारा शब्द होता. संस्कृताच्या संवयीनें आम्हीं त्याचें 'प्रमाण' करून पाहिलें. अर्थ बसेना. काथ्या, राळ आणि प्रमाण!

या मुक्कामास असतां आम्ही एकदां अर्नाळ्यास गेलों. विरार स्टेशनावरून अर्नाळा गांव, आणि तेथून होडीनें खाडी ओलांडून बेट. वैतरणेच्या मुखाशीं हा जंजिरा पहारेकऱ्यासारखा बसला आहे. तटांत आज शेती आहे, बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, कालिकामातेचें देऊळ आहे, आणि दक्षिणेस किल्ल्यापासून सुटा असा एक वाटोळा बुरूज एकटाच उभा आहे. मुख्य दरवाजावर देवनागरी शिलालेख आहे. बाजीरावांच्या आज्ञेवरून शंकराजीपंतांच्या हातें हें काम झाल्याचें त्यावरून कळतें. आम्हीं तो बोटानें अक्षर अक्षर वाचला. आमच्या पुरुषाचें नांव त्यांत नाहीं, आणि असण्याचें कारणही नव्हतें. तरीपण माणूस शोधतोच.

परततांना भरती यावयाची होती, म्हणून किनाऱ्यावर एका वृद्ध नाखव्यापाशीं बसलों. पावसाळा संपत आला होता. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखालीं ठेविल्या होत्या, आणि तो आपल्या मुलांकडून दोरखंड तपासून घेत होता. आम्हीं सहज विचारलें, ''बाबा, जुन्या कागदांत काथ्या आणि राळेजवळ 'परवाण' असा शब्द आहे, तो काय असावा?'' त्यानें आमच्याकडे पाहिलें, मग डोक्यावरच्या आडव्या लांब काठीकडे बोट केलें, आणि म्हणाला, ''मास्तर, परवाण नव्हं, परबाण. शीड ज्येला बांधतात ती काठी. डोलकाठी उभी, परबाण आडवं.''

मोडींत ब आणि व यांचा भेद लेखकाच्या लहरीवर असतो, हें आम्ही चाळीस वर्षें जाणतों. 'डोलणारा' शब्द 'डोलकाठी' होता. आमचा परवाना ही एका गलबताच्या शिडाची काठी निघाली.

त्यानंतर सातही ओळींचा आशय एकदम उलगडला. तो असा. पर्जन्यकाळ सरत आला आहे. जंजिरे अर्नाळा येथें ओढून ठेविलेल्या गलबतांच्या डोलकाठ्या व परबाण तपासावीं, कुजलीं असतील तीं बदलावीं. फटींत काथ्या-कापूस घालून तेल-राळ द्यावी. गतवर्षाच्या काथ्यापैकीं किती शिल्लक आहे तें लिहून पाठवावें. आणि सर्व खर्चाचा हिशेब वसईस रुजू करावा. कागद ज्यास लिहिला तो तांडेल नव्हता, सरदार तर नव्हताच. तो जंजिऱ्यावरील कोठीचा कारकून होता.

आतां सनाचा निकाल आपोआप लागतो. कार्तिक वद्यांत पाऊस सरून महिना-दीड महिना झालेला असतो, गलबतें दर्यांत फिरत असतात. चैत्र वद्यांत तर आरमाराचा हंगाम ऐन भरांत, आणि पुढें दीड-दोन महिन्यांत तरांडीं वर ओढावयाची तयारी. 'पर्जन्यकाळ सरत आला' हें वाक्य नारळी पौर्णिमा होऊन पांचसहा दिवस झालेल्या श्रावण वद्यांतच शोभतें. म्हणून सन सबा सबैन मया व अलफ, म्हणजे ११७७, शके १६९८, दुर्मुख नाम संवत्सर, ऑगस्ट १७७६.

मग १७३७ च्या पुरुषाचें काय? येथें नांवाची फसगत येते. नातवास आज्याचें नांव ठेवण्याची आपली चाल सर्वांस ठाऊक आहे. आमच्या घरच्या वंशावळींत हें नांव एकदांच आहे. पण ती वंशावळ पणजोबांनींच लिहिलेली, तेव्हां तिच्यावर भिस्त ठेवणें म्हणजे साक्षीदारासच न्यायाधीश करणें. आम्ही नाशिकास आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलों. या वह्यांचें महत्त्व आमच्या संशोधकांनीं अजून पुरतें ओळखलेलें नाहीं. यात्रेकरू स्वतःच्या हातानें बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलें यांचीं नांवें, गांव व तीर्थयात्रेचा शक लिहून देतो. त्यांत सरकारास दाखविण्याचा कांहीं हेतु नसतो, पितरांपुढें खोटें लिहिण्याचें धाडसही सहसा कोणी करीत नाहीं. दोन दिवस वह्या चाळल्यावर शके १७०३ च्या वैशाखांतील एक लेख मिळाला. लिहिणाराचें नांव आमच्या कागदांतलेंच, आणि आज्याचेंही नांव तेंच. म्हणजे एका नांवाचे दोन पुरुष होते, आणि पणजोबांनीं त्यांचा एक केला. लिहिणारानें स्वतःस 'अर्नाळेकर' म्हटलें आहे. आमच्या घराण्यांत हें उपपद दुसऱ्या कोणीं वापरलेलें आढळत नाहीं. मूळ गांव म्हणून त्यानें रत्नागिरीकडील एक खेडें दिलें आहे.

आजा १७३७ त अर्नाळ्यास गेलाच नव्हता, असें आम्ही म्हणत नाहीं. गेला असेल, उडीही घातली असेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा कागद त्याचा नाहीं, आणि या कागदावांचून त्याच्या उडीस दुसरा आधार नाहीं.

वैशाख शके १७०३ म्हणजे १७८१ चा एप्रिल-मे. जनरल गॉडर्ड यानें डिसेंबर १७८० मध्यें वसई घेतली, आणि जानेवारी १७८१ मध्यें अर्नाळा त्याच्या हवालीं झाला. अर्नाळा पडल्यावर चार महिन्यांच्या आंत आमचा कारकून नाशिकास गोदातीरीं उभा आहे, चाकरी गेलेली आहे, आणि तरीही तो आपलें नांव 'अर्नाळेकर' असें लिहितो. वहींतील त्याचें अक्षर बारीक, एका ओळींत, हिशेबी माणसाचें आहे. आम्हीं त्यावर हात ठेवला, आणि आमच्या मनांत त्या क्षणीं १७३७ चा पुरुष नव्हता.

लेख येथें संपवितां आला असता. परंतु एका विद्वान् मित्रानें आमचें टांचण वाचून एकच प्रश्न विचारला, आणि तो टाळणें संशोधकास शोभणार नाहीं. ते म्हणाले, ''ऑगस्ट १७७६ म्हणतां, माथा फाटलेला म्हणतां, मूळ गांव रत्नागिरीकडचें म्हणतां. हा हुकूम तोतयाचा कशावरून नव्हे?''

वाचकांच्या स्मरणांत असेल कीं, सदाशिवरावभाऊ म्हणविणारा तोतया १७७६ च्या आरंभीं रत्नागिरीच्या कैदेंतून बाहेर पडला, कोंकणांतील अनेक किल्ले त्याच्या नांवानें हवालीं झाले, आणि तो पावसाळा पुणें दरबारानें मोठ्या चिंतेंत काढला. पुढें मोड झाल्यावर तो समुद्रमार्गें निसटत असतां राघोजी आंग्रे यांच्या हातीं सांपडला, आणि डिसेंबरांत त्यास देहदंड झाला. आमचा कागद बरोबर या पावसाळ्याच्या पोटांतला आहे. अण्णांनीं नांव छापूं नये अशी अट कां घातली, हें आम्हांस येथें कळलें. घरांत फार पूर्वींपासून एक कुजबूज असावी कीं, कागदाचा माथा कसरीनें खाल्ला नाहीं, तो कोणीं तरी फाडला. आम्हीं कडा भिंगाखालीं पाहिली. इतर भोंकांच्या कडा कुरतडलेल्या आहेत. माथ्याची कडा सरळ आहे.

आमचें मत असें : हुकूम पुणें सरकारच्या बाजूचाच असावा. तोतयाचा जोर दक्षिण कोंकणांत होता. हिशेब वसईस रुजू करण्यास तो सांगता ना, कारण वसईचा सुभा पुण्याच्या हातीं होता. दुसरें, तोतयाचें बंड मोडल्यावर त्याच्या पक्षास मिळालेल्यांची कसून चौकशी झाली, कित्येकांस शिक्षा झाल्या. त्याचा हुकूम मानणारा कारकून पांच वर्षांनीं 'अर्नाळेकर' म्हणवून घेता, हें संभवत नाहीं. उलट पक्षीं सरळ फाटलेल्या कडेचा खुलासा आम्हांजवळ नाहीं. घरच्या एखाद्या भित्र्या पुरुषानें, पुढें चौकशीच्या दिवसांत, केवळ साल पाहून, धास्तीनें माथा काढून टाकला असेल; त्या हंगामांत कोंकणांतल्या कोणाही कारकुनास आपल्या घरांतील कागदांची भीति वाटली असती. तरी हा तर्क आहे, प्रमाण नव्हे; आणि 'प्रमाण' या शब्दानें आम्हांस एकदां फसविलेंच आहे.

हें सर्व आम्हीं अण्णांस वाचून दाखविलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, ''म्हणजे दोरखंड मोजीत होता.'' आम्हीं म्हटलें, ''होय. आणि परबाणें.'' ते आणखी कांहीं वेळानें म्हणाले, ''तीं मोजल्यावांचून गलबत कसें निघेल?'' यंदाच्या पाडव्यास नळी नेहमींप्रमाणें पाटावर ठेविली. हळदकुंकू वाहण्यापूर्वीं त्यांनीं आम्हांस कागद बाहेर काढून सातही ओळी मोठ्यानें वाचावयास लावल्या. लहान मुलांपैकीं एकानें राळ म्हणजे काय तें विचारलें. उडीची गोष्ट या वर्षीं कोणीं सांगितली नाहीं, आणि ती कोणीं मागितलीही नाहीं.

आतां या त्रैमासिकाच्या वाचकांस एक विनंति आहे. वसई सुभ्यांतील जंजिऱ्यांच्या कोठीचे जमाखर्च, विशेषतः सन सबा सबैन मया व अलफ, म्हणजे जून १७७६ ते जून १७७७ या वर्षाचे, कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं अर्नाळ्याकडील काथ्या, राळ, तेल, डोलकाठ्या व परबाणें यांच्या कलमांकडे कृपा करून लक्ष द्यावें, आणि कलमाखालीं कारकुनाचें नांव असल्यास संपादकांमार्फत आम्हांस कळवावें. पडताळणीसाठीं नांव आम्ही खाजगी पत्रानें कळवूं. अण्णांनीं तेवढी मोकळीक दिली आहे. त्याचप्रमाणें एखाद्या रुमालांत वीतभर रुंद, चार बोटें उंच, खालची कडा सरळ फाटलेली, आणि पाठविणाराचें नांव तेवढें असलेली एखादी चिठोरी कोणास आढळली, तर ती निरुपयोगी म्हणून टाकून देऊं नये.